बाईंचा निरोप

बाईंना सशाचा ताप बोटांना कळायचा. कानाचं बूड दोन बोटांत धरायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. "एकोणचाळीस पॉइंट दोन." मग आम्ही थर्मामीटर लावायचो आणि तोही निमूटपणे एकोणचाळीस पॉइंट दोन दाखवायचा. कधी एखाद्या दशांशाचा फरक पडलाच, तर बाई थर्मामीटर बदलायला सांगत. बदललेला थर्मामीटर बहुतेक वेळा बाईंच्या बाजूने बोलायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे कुणाला थाप वाटली तर माझा इलाज नाही.

हडपसरला आमचा सलाइनचा कारखाना होता. सलाइनमधले जंतू मारले म्हणजे काम संपत नाही. मेलेल्या जंतूंचा अंश पाण्यात राहिला, तरी बाटली लावलेल्या माणसाला हुडहुडी भरून ताप येतो आणि हा अंश काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक बॅच बाजारात जाण्याआधी तीन सशांना द्यायची. त्यांना लाकडी खोड्यात मान अडकवून बसवायचं, कानाच्या शिरेतून ते पाणी टोचायचं आणि तीन तास दर अर्ध्या तासाने ताप मोजायचा. ताप चढला नाही तर बाटल्या बाहेर, चढला तर गटारात. या खात्याच्या प्रमुख त्या बाई. सगळा कारखाना त्यांना 'सशांच्या बाई' म्हणायचा. त्यांचं आडनाव पगारपत्रकापुरतं होतं.

मी वर्धा जिल्ह्यातून बी.एस्सी. होऊन नव्वदीच्या सुरुवातीला तिथे लागलो. पहिल्या दिवशी चापून भांग पाडून, चमेलीचं तेल लावून, करकरणारे नवे बूट घालून गेलो होतो. बाईंनी मला दारातच थांबवलं आणि खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अहो वानखडे, लग्नाला आलात की परीक्षेला?" मग हळू आवाजात, जणू सगळी चूक बुटांचीच आहे अशा सुरात म्हणाल्या, "वासाने ससा बावरतो आणि करकरीने त्याचा ताप चढतो. उद्या साबणाने डोकं धुऊन या. आणि रबरी चप्पल." स्वतः बाई बांगड्या घालत नसत, पावडर लावत नसत, गजरा तर कधीच नाही. पांढऱ्या ॲप्रनमध्ये त्या चालायला लागल्या की आवाज म्हणून नसायचा. घरी मात्र त्यांना शांतता माहीत नव्हती. कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी, दुसऱ्या मजल्यावर त्या थोरल्या भावाबरोबर राहत आणि खाली दिवसभर तांब्यावर हातोडे चालत. "घरी ठोके ऐकते, म्हणून पगार शांत बसण्याचा घेते," असं त्या सांगत.

आमचं ससेघर म्हणजे कारखान्यातली एकमेव थंड हवेची खोली. साहेबांच्या केबिनलासुद्धा तेव्हा एसी नव्हता. दिवाळीत चार दिवस तिथे परीक्षा बंद, कारण फटाक्यांनी ससे तापत. एकदा बॅच तुंबल्या म्हणून प्रॉडक्शनचे मॅनेजर तावातावाने आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "हडपसरचे फटाके तुम्ही थांबवा, परीक्षा मी सुरू करते." मॅनेजर पाणी पिऊन गेले.

सशांना त्यांनी कधी नावं दिली नाहीत. कानावर निळ्या शाईचे नंबर असत. मी नवा असताना एका गुबगुबीत सशाला 'गोपाळ' म्हणायला लागलो, तर म्हणाल्या, "नावं ठेवायला पुण्यात माणसं कमी आहेत का? त्याला सव्वीसच राहू द्या." बाईंना प्राण्यांचा लळा होता असं मात्र कुणी समजू नये. सशाला कुरवाळताना मी त्यांना पाहिलेलं नाही. घरी मांजरसुद्धा नव्हतं. पण म्हातारा होऊन शिरा कडक झालेला ससा मारायची वेळ आली, की नोंदवहीत सगळीकडे रूढ असलेला 'सॅक्रिफाइस' हा शब्द त्या लिहू देत नसत. "आपण काय देवीला बळी दिलाय? मारला. मारला असं लिहा," म्हणत आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत: 'क्र. ९. मारला. कारण: म्हातारा झाला.'

भाषेच्या बाबतीत बाई फार कडक होत्या, आणि त्या छळाच्या तोंडी मी सापडलो. एकदा मी आपला सहज आमच्याकडच्या बोलीत म्हणालो, "बाई, सव्वीस नंबर मस्त बसून राहिला." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बसून राहिला म्हणजे? उठायला नको म्हणतोय का?" आमच्याकडे 'बसून राहिला' म्हणजे 'बसला आहे', एवढंच. हे मी त्यांना समजावलं तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि त्यानंतर महिनाभर मला विचारत, "काय वानखडे, चहा पिऊन राहिलात का?" स्वतःच्या बोलण्यात त्या आपला शब्द सापडला तर दुसऱ्याचा घेत नसत. सगळा कारखाना 'रिझल्ट' म्हणायचा, बाई 'निकाल' म्हणत. दुपारी चारला परीक्षा संपली की हात पुसत म्हणायच्या, "चला, सशांचा निकाल लावू या." म्हणजे तापाचे आकडे मांडायचे, बेरीज करायची, अहवाल लिहून सह्या करायच्या. आमच्या खात्यात त्याचा दुसरा अर्थ कुणाच्या मनातही येत नसे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. रुजू होऊन तीनेक महिने झाले असतील, बाईंनी मला जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. निरोप होता, "बारा नंबरला आज विश्रांती." मी जाताना मनातल्या मनात विचार केला, विश्रांती म्हणजे बरं नसणार. डॉक्टरांना सांगितलं, "बारा नंबर आजारी आहे." डॉक्टरांनी लगेच त्याला वेगळा काढला, औषध टोचलं आणि तो ससा महिनाभर परीक्षेतून बाद झाला. बाईंनी मला समोर बसवलं. "मी विश्रांती म्हटलं, तुम्ही आजार केलात. अहो, निरोप म्हणजे पोस्टाचं पाकीट. पोस्टमनने ते उघडायचं नसतं. माझं वाक्य आहे तसं पोचवायचं. कळलं?" मला कळलं. इतकं कळलं, की त्यानंतर बाईंचा निरोप मी शब्दाला शब्द पाठ करून न्यायचो. शक्य असेल तेव्हा चिठ्ठीवर लिहूनच द्यायचो. बाईंना ते आवडायचं. "वानखडे सुधारले," असं त्या चार लोकांत म्हणाल्या होत्या. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होतो.

सशांवरची ही परीक्षाच बाईंना मान्य नव्हती. दयामायेच्या गोष्टी त्या काढत नसत. त्यांचं म्हणणं साधं होतं. "बाटली खराब असली तरी ससा तापतो, आणि घाबरला तरी तापतो. मग मी वीस वर्षं कशाचा ताप मोजतेय? पाण्याचा की भीतीचा?" कुठल्याशा ग्रंथालयात जुनी मासिकं चाळताना त्यांना काचेच्या नळीतल्या परीक्षेची माहिती मिळाली होती. ती करता यावी म्हणून त्या दरवर्षी साहेबांना अर्ज लिहीत. त्यासाठी लागणारं औषध परदेशातून आणावं लागे, परवाना मिळत नसे आणि अर्ज परत येई. पुढे देशाचे दरवाजे उघडले, परदेशी गिऱ्हाइकं हडपसरला यायला लागली, आणि एका गिऱ्हाइकाने आपणहून विचारलं, तुम्ही अजून ससे वापरता? बाईंनी त्याच दुपारी जुना अर्ज पुन्हा टाइप केला. या वेळी मात्र औषध आलं. बर्फाच्या पेटीत, बोटभर उंचीच्या बाटल्यांत.

ते औषध समुद्रातल्या एका खेकड्यासारख्या प्राण्याच्या निळ्या रक्तापासून करतात. मी बाईंना विचारलं, "म्हणजे ससा सुटला आणि हा अडकला?" मला वाटलं, चिडतील. चिडल्या नाहीत. "त्यालाही कुणी विचारलेलं नाही, खरं आहे. रक्त काढून परत समुद्रात सोडतात म्हणे. सशाच्या बाबतीत 'म्हणे'सुद्धा नाही, वानखडे." परीक्षा अगदी साधी होती. बारीक नळीत दोन थेंब औषध, दोन थेंब सलाइन, तासभर कोमट पाण्यात ठेवायचं आणि मग नळी उलटी करायची. आतलं थिजून वरच चिकटून राहिलं तर बाटली खराब, ओघळून खाली आलं तर चांगली. विरजण लागलंय का बघायला भांडं हळूच कलतं करतात, तशा बाई नळी कलती करत. त्या वेळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

दोन वर्षं आम्ही प्रत्येक बॅच दोन्ही पद्धतींनी तपासली. एकीकडे ससे, दुसरीकडे नळ्या. आकडे जुळत होते, पण साहेब डगमगत होते. अशात शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मोठ्या इमारतीचा पाया खणायला घेतला. दिवसभर जमीन हादरायची. आठ दिवस आमचे ससे तापत राहिले, एकेक बॅच नापास होत गेली, आणि नळ्या मात्र शांतपणे सांगत होत्या की पाण्यात काही खोट नाही. शेवटी बाईंनी तीन सशांना काहीही न टोचता नुसतं खोड्यात बसवलं. त्यांनाही ताप. तो कागद घेऊन त्या साहेबांकडे गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हा बुलडोझरचा ताप आहे. बाटलीवर तसं छापणार का?" साहेब हरले. नियमाच्या पुस्तकातही तोवर नळीच्या परीक्षेला जागा मिळाली होती. ठरलं, की महिनाअखेर ससे बंद. ससेघराला आयती थंड हवा होती, तिथे संगणक बसणार होते.

त्या दिवशी बाईंनी खात्याला पेढे दिले. आणि पेढा हातात धरूनच मला विचारलं, "आता या अडतीस जणांचं काय?"

तोवर जुने डॉक्टर जाऊन नवे आले होते. वाईट माणूस नव्हता. तरुण, कामसू, उठता-बसता इंग्रजी बोलणारा. त्यांचं म्हणणं, प्रयोगशाळेतला प्राणी बाहेर सोडायचा नाही, काम संपलं की इंजेक्शन देऊन संपवायचा, रीत हीच आहे. बाई त्यांच्याशी पंधरा दिवस भांडल्या. या सशांना आयुष्यभर स्वच्छ मिठाचं पाणी दिलं आहे, त्यांना रोग नाही, विष नाही, मग का मारायचं? एरवी कुणाकडे काही न मागणारी ही बाई साहेबांच्या केबिनबाहेर तीन दिवस स्टुलावर बसून राहिली. (आमच्या नाही, पुण्याच्या अर्थाने.) अखेर साहेब म्हणाले, शेवटचा तुलनेचा अहवाल तुमच्या, डॉक्टरांच्या आणि वानखडेंच्या अशा तीन सह्यांनी पूर्ण होऊन माझ्या टेबलावर येऊ दे. जागा आणि जबाबदारी तुमची. मग मी ससे सोडायच्या कागदावर सही करतो. हे सगळं तोंडी होतं.

बाईंनी जागा शोधली. वारज्याला त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीची रोपवाटिका होती. तेव्हा तिकडे बरीच मोकळी शेतं होती. दर गुरुवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, बाई दोन बस बदलून वारज्याला जात आणि सुताराकडून जाळीची घरं करून घेत. शुक्रवारी येऊन मला सांगत. खाली लाकडी फळ्या हव्यात, नुसती जाळी पायाला टोचते. ऊन सकाळचंच यायला हवं. एकदा म्हणाल्या, "ससा बीळ खणतो, असं पुस्तकात वाचलंय. आपल्या एकाने तरी माती पाहिली आहे का हो? बघू या, त्यांना आठवतं का." बाईंच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात हळवं वाक्य ते. ते बोलून झाल्यावर त्या लगेच उठून हात धुवायला गेल्या.

शेवटचा तो शुक्रवार. सकाळी लवकरच शेवटच्या बॅचची परीक्षा लागली होती, ती बारालाच संपणार होती. आकडे घ्यायचं काम माझ्यावर सोपवून बाई रजा काढून वारज्याला गेल्या होत्या, कारण शनिवारी सकाळी टेम्पो आणायचा होता आणि जाळीची दारं अजून बसायची होती. साहेब शनिवारी दुपारी परदेशी निघणार होते. त्याआधी सह्या झाल्या नाहीत तर महिना संपत होता आणि ससे डॉक्टरांच्या हाती जात होते. दुपारी एकच्या सुमारास फोन वाजला. बाई बूथवरून बोलत होत्या, मागे ट्रकचा आवाज. "वानखडे, सशांचा निकाल आजच लावून टाका. उद्यावर ठेवू नका. डॉक्टरांना तसं सांगा." मी हो म्हटलं आणि फोन कट झाला.

डॉक्टर जागेवर नव्हते. मी कागद घेतला आणि बाईंचं वाक्य आहे तसं लिहिलं: 'बाईंचा फोन होता. सशांचा निकाल आजच लावून टाका. उद्यावर ठेवू नका.' लिहून झाल्यावर एकदा वाचलं. मग चिठ्ठीवर पेपरवेट ठेवून मी अहवाल पूर्ण करायला माझ्या टेबलाशी परत आलो. आकडे सुंदर होते. तिन्ही ससे शांत, तिन्ही नळ्या स्वच्छ. मी सुवाच्य अक्षरात सगळं मांडलं, सही केली, आणि डॉक्टरांची सही घ्यायला साडेचारच्या सुमारास ससेघराकडे निघालो.

दाराबाहेर तुकाराममामा पिंजरे धूत होते. फुरसुंगीकडचा म्हातारा माणूस, सशांना चारापाणी तेच करायचे. फिनेलचा वास सुटला होता. मी म्हटलं, "मामा, आज सगळे पिंजरे एकदम?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आता काय करायचे हायेत भरलेले पिंजरे," ते म्हणाले. "डाक्टर म्हनले, बाईंचा निरोप हाय. म्या म्हनलं, बाई आसं न्हाई म्हनायच्या. तर त्यांनी चिठ्ठी दावली. अक्षर तुमचं हुतं."

मी आत गेलो. अडतीस पिंजऱ्यांची दारं उघडी होती. डॉक्टर हात धूत होते आणि खरोखरच सहानुभूतीने म्हणाले, "बाईंचं वारज्याचं जमलं नाही ना? मला वाटलंच. त्यांना समोर उभं राहवणार नाही, म्हणून फोन केला असणार. सगळं पेनलेस झालं, सांगा त्यांना." माझ्या हातात अहवाल होता. मी तो त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, "बाई याबद्दल बोलत होत्या." डॉक्टरांनी अहवाल वाचला, चिठ्ठी पुन्हा वाचून माझ्या हातात दिली, आणि ते स्टुलावर बसले. त्यांच्या भाषेत याला रिझल्ट म्हणत. निकाल लावणं म्हणजे त्यांना एकच गोष्ट माहीत होती.

बाईंच्या घरी फोन नव्हता. मी संध्याकाळी कसबा पेठेत जायला हवं होतं. मी गेलो नाही. बसस्टॉपवर उभा राहिलो, दोन बस सोडल्या, आणि खोलीवर परत आलो. याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी सकाळी आठला बाई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या. मागे रिकामी खोकी होती, त्यांना हवेसाठी भोकं पाडलेली. मी गेटवरच त्यांना सांगितलं. किती वाक्यांत सांगितलं, कसं सांगितलं, काही आठवत नाही. त्या उतरल्या नाहीत. "चिठ्ठी आहे का?" त्यांनी विचारलं. मी खिशातून काढून दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. "वाक्य माझंच आहे," त्या म्हणाल्या. "काना-मात्रासुद्धा चुकलेला नाही." मग टेम्पोवाल्याला त्याचं भाडं देऊन परत पाठवलं, ॲप्रन चढवला आणि त्या नोंदवही घेऊन बसल्या. दुपारपर्यंत त्यांनी अडतीस ओळी लिहिल्या. 'मारला', 'मारला', 'मारला'. कारणाचा रकाना कोरा ठेवला.

त्यानंतर बाई वर्षभर कामावर होत्या. दोन मुलींना नळीची परीक्षा शिकवली, परदेशी तपासनीस आले त्यांना सगळं दाखवलं. तपासनीसांनी कौतुक केलं, तेव्हा त्या 'थँक यू' म्हणाल्या आणि नळ्या धुवायला घेतल्या. माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलल्या नाहीत. पण त्यांनी मला पुन्हा कुठला निरोप सांगितला नाही, स्वतः उठून जात. आणि संध्याकाळी काम संपलं की म्हणत, "चला, रिझल्ट लिहू या."  मग कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि पहिल्या यादीत त्यांनी नाव दिलं. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना पांढऱ्या धातूचा ससा भेट दिला. कुणाची कल्पना होती देव जाणे. जाताना तो रिक्षातच राहिला, असं त्यांनी नंतर कळवलं. बाई कधी काही विसरत नसत.

पुढे कारखाना विकला गेला, त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि मी दुसऱ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर गेलो. नळीची परीक्षा शिकवायला मला ठिकठिकाणी बोलावतात. बाईंना भेटायला मात्र मी बारा वर्षं गेलो नाही. त्यांचं हृदय थकलंय, फार दिवस काढतील असं नाही, हे तुकाराममामांच्या मुलाकडून कळलं, तेव्हा गेलो. तेही एक गोष्ट सांगून टाकायची होती म्हणून.

बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, पायांवर शाल. खाली हातोडे चालूच होते. भाऊ वारले होते. मला ओळखून म्हणाल्या, "या वानखडे, टक्कल पडलं की तुम्हाला. तेलाचा प्रश्न मिटला." मी हसलो आणि मग थांबायची भीती वाटून एका दमात बोललो. "बाई, मी खोटं वागलो. चिठ्ठी लिहून वाचली तेव्हाच मला त्याचा दुसरा अर्थ दिसला होता. डॉक्टर नवे आहेत, भलतंच समजतील, असं मनात आलं होतं. खाली 'अहवालाचा' असा एक शब्द लिहिला असता तर झालं असतं. मी लिहिला नाही. तुम्ही म्हणाला असता, पाकीट उघडलं. मला तुमची शाबासकी हवी होती."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फोन ठेवला आणि माझ्याही लक्षात आलं होतं," त्या म्हणाल्या. "बूथच्या बाहेर पाऊल टाकताना. म्हटलं, परत लावावा. पण मागे चार जण उभे होते, आणि सुतार खोळंबला होता." त्या दम घ्यायला थांबल्या. "मग म्हटलं, जाऊ दे. वानखडे आहेत ना. ते थोडेच तसंच सांगणार आहेत? काय म्हणायचंय ते त्यांना कळतं, ते नीट करून सांगतील."

 मग त्यांनी मोलकरणीला चहा टाकायला सांगितला आणि माझ्या मुलांची चौकशी केली. जाताना मी पाया पडलो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. ताप बघत होत्या की नुसतंच धरलं होतं, कळलं नाही. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

मी जिना उतरून आलो तो दिवस मला विसरता येत नाही. तांबट आळीत गाडी लावली होती, तिथे मी किल्ली हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतो. बाईंनी मला एवढंही बदलायची परवानगी दिली नव्हती, असं मी बारा वर्षं स्वतःला समजावत आलो होतो. आणि त्या दुपारी वारज्याला, मी ते बदलेन या भरवशावर, बाई निवांतपणे जाळीची दारं बसवून घेत होत्या.